फ्लॉपीत अडकलेली चळवळ : आपला दस्तऐवज आपणच सोडवायचा आहे

एक साधा प्रश्न विचारतो. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. सोळा वर्षांच्या लढ्यानंतर मिळाले. त्या आठवड्यात तुमच्या वस्तीतल्या मंडळाने काढलेले पत्रक आज तुमच्याकडे आहे काय? ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. त्याच्या निषेधाचे जे निवेदन तुमच्या गावातून कलेक्टर कचेरीत दिले गेले, त्याची प्रत कुठे आहे? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येते : “होते हो, कॉम्प्युटरवर केले होते. फ्लॉपी असेल कुठेतरी.”

हे ‘कुठेतरी’ म्हणजे नेमके कुठे, याचा शोध आम्ही सोलापुरातले काही कार्यकर्ते सध्या घेत आहोत. विहारातले लोखंडी कपाट, जयंती मंडळाच्या सामानाची खोली, बंद पडलेल्या डीटीपी सेंटरचा पोटमाळा, निवृत्त शिक्षकाच्या घरची ट्रंक. झेंडे, जुने बॅनर आणि वर्गणीची पावतीपुस्तके बाजूला सारली की खाली काळ्या-निळ्या चौकोनी फ्लॉप्या निघतात. कधी सीडी, कधी धूळ खात पडलेला अख्खा सीपीयू. फ्लॉपीवर बॉलपेनने लिहिलेले असते : ‘जयंती ९६’, ‘स्मरणिका फायनल’, ‘निवेदन कलेक्टर’.

आता यातली विसंगती बघा. बाबासाहेबांनी ‘मूकनायक’चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी काढला. त्याला शंभर वर्षे उलटून गेली, तरी तो आज आपल्याला वाचता येतो. पण १९९६ साली आपल्याच वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी काढलेली स्मरणिका वाचता येत नाही. साधारण १९९० ते २००५ या काळातला आपला मोठा मजकूर असा कुलूपबंद होऊन पडला आहे. दरवर्षी त्यातला काही भाग कायमचा पुसला जातो. हा प्रश्न संगणक दुरुस्त करणाऱ्याचा आहे असे समजून आपण तो सोडून दिला आहे. आमचे म्हणणे असे की हा चळवळीचा प्रश्न आहे, आणि तो सोडवायची जबाबदारी आपली आहे.

कागद आपोआप टिकत नाही

‘बाबासाहेबांचे खंड’ आपण कपाटात मानाने ठेवतो. ते आपल्यापर्यंत कसे आले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले तेव्हा बाबासाहेबांची अप्रकाशित हस्तलिखिते, टिपणे आणि पत्रे दिल्लीत २६, अलीपूर रोड येथील निवासस्थानी होती. जानेवारी १९६७ मध्ये त्या बंगल्यातले सामान अंगणात बाहेर टाकले गेले आणि रात्री त्यावर पाऊस पडला. बाबासाहेबांचे सहायक नानकचंद रत्तू यांनी ही हकिकत लिहून ठेवली आहे. कित्येक कागदांचा लगदा झाला. जे वाचले ते पेट्यांत बंद होऊन वर्षानुवर्षे कोर्टकचेरीच्या ताब्यात राहिले.

पुढे १९७६ मध्ये महाराष्ट्र शासनाने चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली, वसंत मून यांनी त्या कामाला वाहून घेतले आणि १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड निघाला. १९८७ मध्ये चौथ्या खंडातून ‘रिडल्स इन हिंदुइझम’ बाहेर आले आणि महाराष्ट्र ढवळून निघाला. १९९० मध्ये ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’चे उपलब्ध अंक एकत्र छापले गेले. त्या पेट्या कोणी उघडल्याच नसत्या तर? ‘रिडल्स’वर वाद झालाच नसता, कारण तो ग्रंथ आहे हेच आपल्याला कळले नसते.

दुसरे उदाहरण घ्या. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांची नावे सरकारी कागदांत शोधली तर हाती फार थोडे लागते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी घरोघर जाऊन त्या स्त्रियांना बोलते केले, तेव्हा १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक उभे राहिले. ती पिढी हयात होती तोवर हे काम झाले, म्हणून झाले. दहा वर्षे उशीर झाला असता तर त्यातले कितीतरी आवाज गेले असते.

आणि तिसरे उदाहरण जखमेचे. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले. त्याच आवारातला बुद्धभूषण छापखानाही ढिगाऱ्यात गेला. इमारत पुन्हा बांधता येते, पण छापखान्यातला जुना कागद पुन्हा छापता येत नाही.

या तिन्ही गोष्टींचा अर्थ एकच. दस्तऐवज टिकतो तो कोणीतरी वेळेवर उचलला म्हणून. आपल्या पूर्वसूरींनी भिजलेला कागद उचलला, आपल्या वाट्याला फ्लॉपी आली आहे.

आपल्याविषयीचे टिकले, आपले नाही

सोलापूरकरांना ‘सेटलमेंट’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गुन्हेगार जमाती कायद्याखाली आपल्या विमुक्त भावंडांना इथे तारेच्या कुंपणात डांबले गेले, रोजची हजेरी लावली गेली. हा कायदा १९५२ मध्ये संपला. पण त्या कायद्याच्या अंमलबजावणीचे सरकारी अहवाल आजही ग्रंथालयांत वाचता येतात. जाड कागद, पक्की छपाई, नीट क्रमांक. म्हणजे ज्यांनी माणसांना जन्मजात गुन्हेगार ठरवले त्यांची भाषा टिकली. ज्यांनी त्या शिक्क्याविरुद्ध अर्ज लिहिले, मोर्चे काढले, पथनाट्ये केली, त्यांची भाषा पोटमाळ्यावर पत्र्याच्या उन्हात भाजते आहे.

समाजशास्त्रात हा मुद्दा नवा नाही. हैतीचे अभ्यासक मिशेल-रॉल्फ ट्रुयो यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की इतिहासातले मौन शेवटी पुस्तक लिहिताना तयार होत नाही. ते आधीच तयार होते. कशाची नोंद करायची, कोणती नोंद जपायची, जपलेल्यातले काय बाहेर काढायचे, अशा प्रत्येक पायरीवर कोणाचा तरी आवाज गळतो. आपल्या बाबतीत पहिली पायरी आपण पार केली होती. नोंद केली होती, टाइप केली होती, फाइल ‘सेव्ह’ केली होती. आपण गळतो आहोत ते दुसऱ्या पायरीवर.

उद्या कोणी विद्यार्थी सोलापुरातल्या आंबेडकरी चळवळीवर पीएच.डी. करायला बसला, तर १९९० च्या दशकासाठी त्याला काय मिळेल? वर्तमानपत्रांची कात्रणे, पोलिसांच्या नोंदी, निवडणुकीचे आकडे. त्यातून जे चित्र उभे राहील ते गटबाजीचे, फुटीचे आणि दगडफेकीचे असेल, कारण बातमी त्याचीच होत होती. त्याच दहा वर्षांत वस्तीवस्तीत चाललेल्या अभ्यासिका, धम्मवर्ग आणि नळाच्या पाण्यासाठीचे अर्ज यांची बातमी होत नव्हती. त्यांची नोंद फक्त आपल्याकडे होती.

आम्ही आतापर्यंत ज्या फायली उघडू शकलो त्यांत काय निघाले, ते थोडक्यात सांगतो. दहावी पास झालेल्या मुला-मुलींच्या सत्काराची यादी. सार्वजनिक नळासाठी महापालिकेला दिलेला अर्ज, आणि त्याच अर्जाची सुधारलेली तिसरी आवृत्ती. एका पथनाट्याचे अर्धे संवाद. महिला मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त. जयंतीच्या वर्गणीची यादी : कोणी पाच रुपये, कोणी दहा, आणि एका बाईंच्या नावापुढे पैशाऐवजी ‘तांदूळ २ किलो’. मोठ्या नेत्याचे एकही भाषण नाही. पण चळवळ कोणाच्या पैशावर आणि कोणाच्या तांदळावर चालली, याचा याहून पक्का पुरावा दुसरा कोणता?

कुलपे दोन आहेत

या फायली उघडत नाहीत याची कारणे दोन, आणि ती वेगवेगळी समजून घेतली पाहिजेत.

पहिले कुलूप वस्तूचे. फ्लॉपी म्हणजे प्लास्टिकच्या पातळ तबकडीवर चढवलेला चुंबकीय थर. उष्णता, धूळ आणि बुरशी हे त्याचे वैरी. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याखालच्या कपाटात त्या थराचे काय होत असेल याची कल्पना करा. घरी लिहिलेल्या सीडीवर रंगद्रव्याचा थर असतो, तोही उजेडाने आणि उष्णतेने उडतो. शिवाय माध्यम शाबूत असले तरी यंत्र नाही. सोनीने फ्लॉपी विकणे २०११ मध्ये थांबवले. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह अजून बाजारात मिळतो. सव्वापाच इंची मोठ्या, मऊ फ्लॉपीसाठी मात्र जुन्या संगणकातला ड्राइव्हच शोधावा लागतो, आणि तो नव्या संगणकाला जोडायला वेगळे सर्किट लागते.

दुसरे कुलूप लिपीचे. हे खास आपल्या भाषांचे दुखणे आहे. इंग्रजीतली १९९० ची फाइल उघडली की अक्षरे निदान ओळखता तरी येतात. मराठी फाइल उघडली की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा निव्वळ कचरा दिसतो. आणि माणसे समजतात की फाइल खराब झाली. फाइल खराब झालेली नसते, तिची किल्ली हरवलेली असते.

ही किल्ली कशी हरवली? १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली. कानपूरच्या आयआयटीतल्या कामातून पुढे आलेले तिचे जिस्ट कार्ड संगणकात बसवले की डॉसवरही देवनागरी उमटत असे. त्यासाठी इस्की नावाची भारतीय लिप्यांची एक प्रमाण संकेतपद्धती होती आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून मान्य झाली. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीवरूनच घेतलेली आहे. म्हणून इस्कीतला मजकूर युनिकोडमध्ये आणणे तुलनेने सोपे जाते.

पण डीटीपी सेंटरचा धंदा वाढला तो विंडोज, पेजमेकर आणि श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा फॉन्टसंचांवर. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. कुठे अर्धा म, कुठे काना, कुठे वेलांटी. कोणता तुकडा कोणत्या जागी, हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. तो होता रोमन चिन्हांचा ढीग, ज्याला एका विशिष्ट फॉन्टचा अंगरखा घातला की मराठी दिसायचे. अंगरखा हरवला की उरतो तो ढीग.

आता हा ढीग युनिकोडमध्ये बदलताना काय होते ते आपल्याच शब्दांवर बघा. ‘परिनिर्वाण’ हा शब्द घ्या. यात दोन पहिल्या वेलांट्या आहेत आणि एक रफार. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. रफार जुन्या फॉन्टमध्ये अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये त्याच्या आधी. एका शब्दात तीन ठिकाणी क्रम उलटावा लागतो. परिवर्तक कच्चा असला की ‘धर्म’चे ‘धमर्’ होते आणि ‘कार्यकर्ता’चे ‘कायर्कतार्’. जुन्या संकेतस्थळांवर असा मजकूर तुम्ही पाहिला असेल. म्हणून यंत्राने बदललेली प्रत्येक ओळ माणसाने वाचून दुरुस्त करावी लागते. इथे मराठी नीट जाणणाऱ्या आणि चळवळीचे शब्द ओळखणाऱ्या माणसाला पर्याय नाही.

हे काम जमते, पण शिस्तीने

ज्यांच्या घरात, विहारात अशा वस्तू आहेत त्यांच्यासाठी काही गोष्टी स्पष्ट सांगतो.

पहिली गोष्ट, फ्लॉपी संगणकात घातल्यावर ‘ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, फॉरमॅट करायची काय?’ असा प्रश्न पडद्यावर आला, तर उत्तर ‘नाही’. हा प्रश्न येतो याचा अर्थ फ्लॉपी रिकामी आहे असा होत नाही. यंत्राला ती वाचता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘हो’ म्हटले की उरलेसुरलेही हातचे जाईल.

दुसरी, आत घालण्यापूर्वी लेखनबंदी करा. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिटी सरकवून छिद्र उघडे ठेवायचे. सव्वापाच इंचीची कडेची खाच चिकटपट्टीने बंद करायची. दोन्हींचे नियम उलटे आहेत, हे लक्षात ठेवा. तबकडीवर बुरशीचे ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका. त्या फ्लॉपीसोबत ड्राइव्हही खराब होतो आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीला तो ओरबाडतो.

तिसरी, एकेक फाइल ओढून घेऊ नका. आधी अख्ख्या फ्लॉपीची जशीच्या तशी प्रतिमा घ्या. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर दोन बाजूंना ८०-८० वर्तुळाकार पट्टे असतात आणि प्रत्येक पट्ट्याचे १८ भाग, म्हणजे एकूण २,८८० भाग. एकेका भागात ५१२ बाइट. डीडीरेस्क्यूसारखा मोफत प्रोग्राम जे भाग वाचले जातात ते आधी उचलतो आणि अडलेल्या भागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. साधी ‘कॉपी’ एका खराब भागापाशी अडून सगळी फाइल सोडून देते. प्रतिमा घेतली तर त्या भागातला एखादा परिच्छेद जातो, बाकीचे निवेदन हाती राहते. आमच्याकडच्या काही फ्लॉप्या पहिल्या झटक्यात वाचल्या गेल्या, काही ड्राइव्ह बदलल्यावर, आणि काही अजून मुक्याच आहेत. त्या फेकलेल्या नाहीत. कापडात गुंडाळून, थंड जागी, क्रमांक घालून ठेवल्या आहेत.

चौथी, प्रतिमा घेतल्याबरोबर तिचे हॅश मूल्य काढून वहीत लिहा. हॅश म्हणजे त्या फाइलचा अंगठा. फाइलमधला एक काना बदलला तरी हा अंगठा बदलतो. याचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात देताना जे प्रमाणपत्र लागते, त्याच्या नमुन्यात हॅश मूल्य नोंदवण्याची जागाच आहे. जमिनीचे, अत्याचाराचे किंवा संस्थेच्या मालकीचे प्रकरण उद्या उभे राहिले, तर ‘आमच्याकडे जुनी फाइल आहे’ एवढे पुरणार नाही. ती कोणाकडून आली, कधी वाचली, तिचा अंगठा काय, हे लिहिलेले असावे लागेल.

पाचवी, फ्लॉपीवरची चिठ्ठी, पाकीट आणि बॉलपेनची अक्षरे यांचे फोटो आधी काढा. आणि त्या काळी टायपिंग करणाऱ्या ऑपरेटरला शोधा. कोणता फॉन्ट होता, कोणता कळफलक होता, हे त्यालाच ठाऊक असते. यातले बरेच ऑपरेटर आपल्याच वस्त्यांतले होते. दिवसभर दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका लावून रात्री मंडळाची पत्रके फुकट लावून देणारी ही पोरे चळवळीच्या कोणत्याच इतिहासात नाहीत. त्यांची नावे आता तरी लिहून ठेवू.

तीन आक्षेप

हे काम सांगितले की तीन गोष्टी ऐकायला मिळतात.

पहिली, “जुने उकरून काय मिळणार? आजचे प्रश्न कमी आहेत काय?” कमी नाहीत. पण आजच्या प्रश्नांवर आपण जे अर्ज लिहितो, त्यातले कितीतरी वीस वर्षांपूर्वी लिहून झाले आहेत. तेव्हा अधिकाऱ्याने काय उत्तर दिले, कोणते आश्वासन मोडले, हे हाताशी नसल्यामुळे प्रत्येक नवी पिढी पहिल्या पायरीपासून सुरुवात करते. ज्या समाजाजवळ स्मृती नाही, त्याला तेच आश्वासन दर वीस वर्षांनी नव्याने विकता येते.

दुसरी, “आता सगळे मोबाइलवर आहे, काही हरवत नाही.” हाच विश्वास १९९६ मध्ये फ्लॉपीवर होता. इंग्लंडची गोष्ट बघा. १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने देशभरातल्या लोकांकडून माहिती आणि छायाचित्रे गोळा करून ती लेझर डिस्कवर भरली. पंधरा-सोळा वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि ती माहिती सोडवायला संशोधकांना वेगळा प्रकल्प करावा लागला. १०८६ चे चामड्यावरचे पुस्तक मात्र तसेच वाचता येत होते. अमेरिकेच्या नासानेही १९६६-६७ मध्ये चंद्राभोवती फिरलेल्या यानांच्या चित्रफिती अशाच अडगळीतून काढून २००८ पासून जुनी यंत्रे दुरुस्त करून वाचल्या. बीबीसीची आणि नासाची ही गत होते, तिथे आपल्या मंडळाचा व्हॉट्सअॅप गट अमर आहे असे समजणे हा भाबडेपणा आहे. ग्रुप अॅडमिनचा फोन हरवला की चार वर्षांची चळवळ हरवते.

तिसरी, “हे सरकारने करावे.” सरकारने जरूर करावे, आणि आपण ती मागणी करू. पण अनुभव काय सांगतो? बाबासाहेबांच्याच ग्रंथांच्या छपाईचे काम रखडल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. हे ज्यांची जयंती शासन स्वतः साजरी करते त्यांच्या ग्रंथांचे झाले. वस्तीतल्या स्मरणिकेसाठी कोण धावणार? शिवाय सार्वजनिक अभिलेखांचे कायदे सरकारी कचेऱ्यांच्या कागदांसाठी आहेत. मंडळाच्या ट्रंकेतल्या फ्लॉपीला त्यांचे संरक्षण नाही.

सोडवणे म्हणजे वाटणे नव्हे

आता एक मुद्दा आपल्याच माणसांसाठी, आणि तो थोडा कडू लागेल. फाइल उघडली की लगेच तिचा फोटो काढून फेसबुकवर टाकायची घाई होते. ही घाई आवरली पाहिजे.

या फायलींत अत्याचार प्रकरणांचे सत्यशोधन अहवाल असतात. त्यांत पीडितांची नावे, जबाब, कधी जखमांचे वर्णन असते. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २२८-अ होते, आता भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ आहे. पण कायद्याच्याही आधी हा माणुसकीचा प्रश्न आहे. पंचवीस वर्षांपूर्वी एका बाईने विश्वासाने जबाब दिला. आज ती कोणाची सासू आहे, कोणाची आजी आहे. त्या घरात ती गोष्ट सांगितलेली आहे की नाही, हे आपल्याला माहीत नाही. तिचा जबाब जपण्याचा अधिकार आपल्याला तिने दिला होता, तो मिरवण्याचा नव्हे.

म्हणून आम्ही तीन ढीग करतो. जे तेव्हाच जाहीर होते, जसे पत्रके आणि स्मरणिका, ते सर्वांसाठी खुले. ज्यात खासगी नावे आहेत, जसे वर्गणीच्या याद्या आणि इतिवृत्ते, ते मंडळाच्या संमतीने. आणि जबाब, तक्रारी, वैद्यकीय कागद हे बंद. प्रत राहील, यादीत नोंद राहील, पण संबंधित माणसाला किंवा घरच्यांना विचारल्याशिवाय उघडणार नाही.

मालकीचेही तसेच. अभ्यासाच्या नावाखाली मूळ वस्तू घेऊन जाणारे आणि परत न येणारे पाहुणे आपल्या वस्त्यांनी पुष्कळ पाहिले आहेत. मूळ फ्लॉपी वस्तीतच राहील. संशोधकाला प्रत मिळेल, आणि त्याने जे काही लिहिले त्याची एक प्रत वस्तीला मिळेल. आपल्यातल्याही पुढाऱ्यांनी हे ऐकावे. एका गटाचे कागद दुसऱ्या गटाने दाबायचे नाहीत. फुटीच्या काळातली एकमेकांविरुद्धची पत्रकेही जशीच्या तशी जपायची. आपल्याला अडचणीची वाटते म्हणून फाइल पुसणारा माणूस आणि अंगणात कागद फेकणारा माणूस यांच्यात आम्ही फरक करत नाही.

मग करायचे काय?

येत्या जयंतीपूर्वी प्रत्येक मंडळाने एक दिवस ट्रंका आणि कपाटे उघडावीत आणि काय आहे त्याची नुसती यादी करावी. किती फ्लॉप्या, किती सीडी, कोणता संगणक, कोणाकडे. यादीला पैसा लागत नाही. जुना सीपीयू भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्यातली हार्डडिस्क काढून घ्यावी. मिरवणुकीतल्या डीजेच्या भाड्याच्या लहानशा हिश्श्यात एक यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह येतो. शहरातल्या चार मंडळांनी मिळून एक घेतला तरी पुरेल.

प्रत्येक मजकुराच्या तीन प्रती ठेवाव्यात. त्यातली एक दुसऱ्या गावी, आणि महत्त्वाची प्रत चांगल्या कागदावर छापून. मजकूर युनिकोडमध्ये आणावा, पण मूळ प्रतिमाही जपावी. उद्या अधिक चांगला परिवर्तक आला तर पुन्हा मुळाकडे जाता आले पाहिजे.

आपल्या महाविद्यालयांत समाजशास्त्र, मराठी आणि संगणकशास्त्र शिकणारी आपली मुले आहेत. संगणकवाल्याला फ्लॉपी वाचता येईल, मराठीवाल्याला ‘धमर्’चा ‘धर्म’ करता येईल आणि समाजशास्त्रवाल्याला त्यातून प्रश्न उभा करता येईल. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने असे प्रकल्प अभ्यासक्रमात घ्यावेत, ही आमची जाहीर मागणी आहे. फॉन्ट विकणाऱ्या कंपन्यांनी आपल्या जुन्या फॉन्टचे संकेततक्ते सर्वांसाठी खुले करावेत आणि त्यासाठी राज्य शासनाने शब्द टाकावा, ही दुसरी. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा २०२४ मध्ये मिळाला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मराठीचा अभिमान बाळगताना पंचवीस वर्षांपूर्वीची मराठी वाचता येत नसेल, तर त्या दर्जाचा उपयोग काय?

आणि तोपर्यंत थांबायचे नाही. चुंबकीय थर शासन निर्णयाची वाट बघत नाही. ज्यांनी ती पत्रके लिहिली ती माणसे आज साठी-सत्तरीत आहेत. फाइल उघडली आणि त्यात नुसते ‘दादांनी सांगितल्याप्रमाणे’ असे लिहिलेले निघाले, तर हे दादा कोण ते सांगणारे माणूस आज आहे. त्याच्याकडे या रविवारी जा. ट्रंक उघडायला सांगा, आणि सोबत एक वही घेऊन जा.

जय भीम!